दुसरा गिअर

गिअरबॉक्सचं तेल काढायचं ते गाडी थोडी पळवून आणल्यावर, गरम असताना. गार तेल आळशी असतं; तळाशी बसलेलं सगळं तिथेच सोडून ते एकटंच बाहेर येतं. गरम तेल आतलं काही लपवत नाही. चाचा जीपखाली सरकले, पान्ह्याला एक झटका दिला आणि पत्र्याच्या घमेल्यात काळी, जाड, कुठेही न तुटणारी धार पडू लागली. गंधकाचा उग्र दर्प नाकात गेला. श्रावणातलं ऊन नुकतंच ढगाबाहेर आलं होतं. चाचांनी घमेलं त्या उन्हात ओढलं, दोन बोटं तेलात बुडवून सावकाश ढवळलं, आणि त्या काळोखाच्या पोटातून हळूहळू सोनं वर आलं. चिमटीत न येणारं, नखाला न लागणारं, तेलाच्या वळणाबरोबर वळत एक लांब, मंद भोवरा होऊन फिरणारं.

पितळ होतं ते.

"सिंक्रो की रिंगां खतम," चाचा म्हणाले आणि बोटं चिंधीला पुसली.

वेगवेगळ्या वेगाने फिरणाऱ्या दोन चाकांचे दात एकमेकांत बसायचे, तर आधी दोघांचा वेग एक व्हायला हवा. ते काम या पितळी कड्या करतात. मध्ये पडतात, स्वतः घासल्या जातात, आणि पोलादाला पोलादापासून वाचवतात. बाबांनी दौलताबादच्या घाटात, म्हैसमाळच्या चढावर, फुलंब्रीच्या बाजाराकडे जाताना, वरातीत आणि मयतीत, जेव्हा जेव्हा गिअर बदलला तेव्हा तेव्हा या कड्यांनी आपलं केसाहून बारीक असं काहीतरी दिलं. ते कुठे गेलं नव्हतं. त्याच डब्यात, त्याच तेलात, तितकी वर्षं फिरत राहिलं होतं. मी घमेल्याशी उकिडवा बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही. चाचांच्या पोऱ्याला वाटलं असावं, साहेबांचं काहीतरी तेलात पडलंय.

जीप तीन गिअरची. सीजे-थ्रीबी, उंच बॉनेटवाली. अमेरिकेतल्या टोलेडोच्या विलीज कंपनीने १९५३ साली हे मॉडेल काढलं तेव्हा त्यात नवं 'हरिकेन' इंजिन बसवायचं होतं. ते जुन्यापेक्षा उंच, म्हणून बॉनेटच वर उचललं. जाणकार लोक त्याला कुरूप म्हणतात. म्हणोत. मला ती मान ताठ करून बांधावरून पलीकडे बघणारी गाडी वाटत आली आहे. तिकडे १९६८ साली हे मॉडेल बंद झालं, पण इकडे महिंद्राने, १९४७ पासून विलीजच्या जीपा जोडता जोडता त्या स्वतः बनवू लागलेल्या महिंद्राने, तोच चेहरा पुढे कितीतरी वर्षं चालवला. पोलिसांकडे तो, तहसीलदाराकडे तो, पाटबंधाऱ्याच्या सायबाकडे तो. आमची जीप बाबांनी सरकारी लिलावात घेतली. बहात्तरच्या दुष्काळात खडी केंद्रांवर, पाझर तलावांवर साहेब लोकांना घेऊन हिंडलेली गाडी आहे, असं ते सांगत. खरं किती, देव जाणे. पण लहानपणी मी तिच्या मागच्या बाकाखाली हात घालून मुरूम शोधायचो, आणि सापडायचाही.

आमचं घर खुलताबादेत, बाग सुलीभंजनच्या वाटेवर. सीताफळं आणि पेरू. आश्विनात जीपच्या मागे सीताफळांच्या पाट्या रचल्या जात आणि पिकलेल्या फळांचा गोड, जरा आंबूस वास पेट्रोलच्या वासात मिसळे. आजही कुठे पेट्रोल पंपावर उभा राहिलो की मला तो दुसरा वास हवाहवासा वाटतो आणि येत नाही. सुलीभंजनला दत्ताच्या देवळापाशी एक मोठा दगड आहे. लहान दगडाने त्याच्यावर मारलं की धातूसारखा वाजतो. एकनाथांनी तप केलं ती ही टेकडी, असं म्हणतात, आणि म्हणून मोठी माणसं तिथे हात जोडायची. आम्ही पोरं मात्र तो दगड वाजवायला जायचो. काळा पाषाण आणि आवाज घंटेचा. कान आधी शहाणे होतात आणि डोळे मागून, हे मला तिथे कळलं असावं. कारण जीपसुद्धा मी आधी ऐकली, पाहिली नंतर.

पहिल्या गिअरचे दात सरळ कापलेले असतात. सरळ दात एकदम, पूर्ण रुंदीने एकमेकांवर येतात, म्हणून पहिला गिअर गातो. उंच, एकसुरी, जरासा रडवा आवाज. दुसऱ्याचे दात तिरपे. ते एका कडेने येतात आणि दुसऱ्या कडेने सुटतात, म्हणून दुसरा नुसता गुणगुणतो. तिसऱ्यात काहीच नाही. तिसऱ्यात इंजिनाचं फिरणं जसंच्या तसं, कुणाच्या मध्यस्थीशिवाय, सरळ पार जातं. बाकीची चाकं फिरतात खरी, पण त्यांच्यावर कुणाचाच भार नसतो. ओसरीवर बसून आम्ही सांगायचो, बाबा आता कागजीपुऱ्याच्या पुढे आले, आता वळणावर आले, आता चढावर. गुणगुण थांबून ते रडवं गाणं सुरू झालं की आई चुलीवर चहाचं आधण ठेवायची. त्या काळात आमच्या घरात घड्याळ नव्हतं असं नाही. त्याच्याकडे बघायचं कारण नव्हतं.

या गिअरबॉक्सात पहिल्याला सिंक्रो नाही. म्हणजे मध्ये पडणारी पितळी कडी नाही. तिथे माणसालाच मध्ये पडावं लागतं. गाडी चालती असताना पहिला टाकायचा तर क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, ॲक्सिलरेटरला एक हलकी टाच द्यायची, इंजिनचा आवाज वर चढून बरोबर त्या पट्टीवर आला की पुन्हा क्लच, आणि मग दांडा मागे. डबल क्लच. बाबा हे करताना त्यांच्याकडे बघायचं नाही, ऐकायचं. त्यांच्या पायात एक मात्रा होती. कधी एखादा पाहुणा जीप चालवायला घ्यायचा आणि चढावर दातांवर दात कर्रकन घासले जायचे. त्या आवाजाने बाबांचा चेहरा असा होई, की कुणीतरी त्यांच्या समोर बैलाला आर टोचली आहे.

आणि दुसरा सुटायचा.

जुन्या तीन गिअरच्या जीपांची ही खोड सगळ्या गॅरेजवाल्यांना माहीत आहे. चढावर काही नाही; इंजिन चाकांना ओढतं तेव्हा दात घट्ट भिडलेले राहतात. उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की उलटं होतं. चाकं इंजिनला ढकलू लागतात, आणि झिजून निमुळते झालेले दात त्या उलट्या जोराने एकमेकांतून सरकत सरकत निसटतात. दांडा टकदिशी मध्ये येऊन उभा राहतो. इंजिनचा लगाम सुटला, गाडी मोकळी, समोर दौलताबादचा उतार, मागे सीताफळांचं ओझं, आणि ब्रेक त्या काळचे.

म्हणून आई धरायची.

कागजीपुरा मागे पडला, रस्ता डावी-उजवीकडे वळत खाली जायला लागला, की बाबा दुसरा टाकायचे आणि समोरून नजर न काढता म्हणायचे, "धर गं." आई डावीकडच्या सीटवर. तिच्या मांडीवर मी, किंवा पिशवी, किंवा मी आणि पिशवी. तिचा उजवा हात पदराखालून यायचा आणि दांड्यावर पडायचा. दांडा हातात थरथरत असतो. ते थरथरणं तिच्या मनगटातल्या बांगड्यांत जायचं आणि सगळा उतारभर त्या बारीक किणकिणत राहायच्या. तेव्हा दोघं बोलायची नाहीत. एरवी दोघांचं घरात बोलणं म्हणजे बाजाराचा हिशोब, पाण्याची पाळी, कुणाच्या लग्नाला काय द्यायचं आणि त्यावरून होणारी कुरबुर. घाटात मात्र एकाचे दोन्ही हात चाकावर आणि दुसरीचा एक हात दांड्यावर, खाली किल्ल्याचा काळा सुळका वर वर येत जाई, चाँद मिनार त्याच्या खांद्याआडून बाहेर निघे, आणि तटाचा दरवाजा ओलांडून सपाटी लागली की बाबा म्हणत, "हं." ती हात काढून घ्यायची आणि पुन्हा पदराखाली न्यायची. प्रेम वगैरे शब्द आमच्या घरात कुणी उच्चारले असते तर लाजच वाटली असती.

बाबा गेल्यावर जीप दोन पावसाळे उभी राहिली. भंगारवाला येऊन गेला. भाऊ म्हणाला, ठेवायचीच तर बोलेरोचा पाच गिअरचा डबा टाकून घे, आजकाल सगळे तेच करतात, एकदाचा त्रास मिटतो. मिटतो, यात शंका नाही. नवा डबा गप्प असतो, तेल गळत नाही, दुसरा सुटत नाही, आणि पहिला रडत नाही. मी चाचांना विचारलं. चाचांचं गॅरेज म्हणजे चिंचेखाली चार पत्रे, एक लोखंडी मेज, आणि भिंतीवर टांगलेले असे काही पुलर की त्यांच्या गाड्याच आता या पृथ्वीवर नसतील. त्यांनी उत्तर दिलं नाही. जीपभोवती एक फेरी मारली, आत हात घालून दांडा हलवला, दोन्ही कानांनी ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "बैठेगा. टाइम लगेगा." गाडीबद्दल होतं की माझ्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

मग ते उघडणं सुरू झालं. आतला पत्रा काढला. इंजिनला खालून जॅकचा टेकू दिला. पुढचा-मागचा शाफ्ट सोडला. खालचा आडवा चॅनल उतरवला. आणि गिअरबॉक्स, त्याच्या पाठीला चिकटलेल्या ट्रान्सफर केससकट, मागे मागे सरकवत क्लच प्लेटमधून बाहेर ओढला. दोघे कायम जोडीने उतरतात. एकाचं तेल झिरपून दुसऱ्यात जातं, हीही त्यांची जुनी सवय. एक कोरडा पडतो आणि दुसरा तुडुंब भरतो. मेजावर ठेवल्यावर तो डबा केवढा लहान दिसला! मांडीवर मावेल एवढं बीड, आणि त्यातून माणसं, पाट्या, बाळंतिणी, पोती, पाऊस, सगळं वर चढून गेलं होतं.

दांडा आधीच काढून बाजूला ठेवला होता. चाचा म्हणाले, मूठ नवी टाकू, ही पार गेली आहे. मी ती हातात घेतली. काळी, एके काळी गोल असलेली. माथ्यावर ती तळव्याच्या आकाराने बसकी झाली होती. तो बाबांचा डावा तळवा, कुणीही सांगितलं असतं. पण तिच्या एका अंगाला, जिथे गाडी चालवणाऱ्याचा हात जाण्याचं काही कारण नाही, तिथे आणखी एक झीज होती. निमुळती, खाली उतरणारी, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधल्या खोबणीत नेमकी बसेल अशी. मी माझा हात तिथे लावून पाहिला. मोठा पडला.

"तुमच्या वालिदांना मैं कितने बार बोला," चाचा पलीकडून, डब्याची नटं ढिली करता करता सांगत होते, दखनी आणि मराठी जशी तोंडात येईल तशी. "सेकंड काढू, बदलू, चार दिन का काम है. वो क्या बोलते मालूम? चालतंय, ती धरते."

मी काही बोललो नाही. चिंचेवर होले घुमत होते.

दुपारचं खुलताबाद फार शांत असतं. इथे सगळं काही घडून गेलेलं आहे. हिंदुस्थानभर पायाला भिंगरी लावून फिरलेला आणि १७०७ साली नगरला मेलेला बादशहा इथे उघड्या आभाळाखाली एका साध्या कबरीत आहे. हबसाणातून गुलाम म्हणून विकला आलेला आणि दख्खनचा कर्ता झालेला मलिक अंबर १६२६ पासून त्या पलीकडच्या घुमटात आहे. आणि भद्रा मारुती, जो एरवी बहुतेक ठिकाणी उभा असतो किंवा उड्डाणात असतो, तोसुद्धा इथे आडवा झोपलेला आहे. यात्रेचे आणि उरुसाचे दिवस सोडले तर गाव न्यूट्रलमध्ये असतं. न्यूट्रल म्हणजे बंद नव्हे, हे मला चाचांच्या मेजावर नीट दिसलं. इंजिन चालू असतं, इंजिनकडून येणाऱ्या शाफ्टवरचं चाक फिरत असतं, त्याला जोडलेला क्लस्टर, म्हणजे एकाच अंगावर लहानमोठी चाकं असलेला तो जड तुकडा, फिरत असतो, दुसऱ्याचं चाकही मोकळं फिरत असतं. फक्त कुणी कुणाला बांधलेलं नसतं. बाबा गेल्यापासून आई अशीच आहे. उठते, पाणी भरते, पेरूंना फडकी बांधते, संध्याकाळी दिवा लावते. सगळं फिरतं आहे.

चाचांनी क्लस्टर बाहेर काढला तेव्हा त्याच्या पोटातून सुया सांडल्या. बेअरिंगच्या सुया; तांदळाच्या दाण्याएवढ्या जाड, बोटाच्या पेराहून लांब, मेजावर खळ्ळकन पसरल्या आणि काही जमिनीवर मातीत. पोऱ्या लोहचुंबक घेऊन धावला. चाचांनी क्लस्टर उन्हाकडे धरला आणि माझं बोट घेऊन दुसऱ्याच्या दातांवरून फिरवलं. एका बाजूने दात गुळगुळीत, टोकाशी तिरपे. मग मेन शाफ्टवरचं, त्याच्याशी जुळणारं चाक. तेही झिजलेलं, पण उलट्या बाजूने, बरोबर तेवढंच. दोन्ही हातात धरून त्यांनी एकमेकांत बसवली. बसली. कुठेही फट नाही, कुठेही आवाज नाही. वेगवेगळी बघितली तर दोन्ही कामातून गेलेली.

"तर मग एकच बदलून चालेल ना? जे जास्त गेलंय ते?" मी विचारलं.

चाचा हसले. नवं चाक जुन्याशी बसत नाही. त्याचे दात पूर्ण असतात. समोरच्याच्या झिजेचा त्याला पत्ता नसतो. दोघं मिळून ओरडतात, आणि थोड्याच दिवसांत नवं जुन्याला खातं किंवा जुनं नव्याला. जात्याची तळी आणि पाळी जशी एकमेकींच्या अंगानेच घासत जातात, तसं हे. फरक इतकाच की जात्याला टाकी लावून पुन्हा धार आणता येते; गिअरच्या दाताला टाकी लावायची सोय नाही. बदलायचं तर जोडी बदलायची.

जोडी शोधायला मी शहरात गेलो. जुन्या बाजारात एका अंधाऱ्या दुकानाच्या माळ्यावर, मिलिटरी डिस्पोजलचा म्हणून ठेवलेला एक क्लस्टर आणि त्याचा सोबती मिळाला. तपकिरी कागदात, मेणासारख्या घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये, एकही दिवस न फिरलेला. मी कागद सोडवला आणि जरा दचकलो. दात इतके कोरे, कडा इतक्या करकरीत, की बोट कापावं. या वयाच्या वस्तूला इतकं अनुभवशून्य राहताना मी कधी पाहिलं नव्हतं. मेन शाफ्टचा एक खांदा भरून टर्न करून घ्यायचा होता. तेही शहरात सोपं. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या मागोमाग लेथवर मायक्रॉनमध्ये बोलणाऱ्या पोरांच्या पिढ्या तयार झाल्या. त्यातल्या एकाने माझा शाफ्ट हातात घेतला, व्हर्नियर लावला आणि विचारलं, "हे कोणत्या गाडीचं, काका?" सांगितल्यावर त्याने तो जरा जास्त आदराने खाली ठेवला.

शुक्रवारची रात्र होती. श्रावणातल्या शनिवारच्या आदल्या रात्री शहरातून भद्रा मारुतीला पायी येणाऱ्यांची रांग लागते. मध्यरात्रीनंतर ती आमच्या रस्त्याला पोहोचते. अनवाणी पाय, प्लास्टिकची इरली, मोबाइलवर लावलेली भजनं, कुणाच्या खांद्यावर झोपलेलं पोर. चाचांनी दिवा लावून ठेवला होता. लोक माठातलं पाणी प्यायला थांबत, मेजावरचं ते चमचमतं लोखंड बघत, आणि पुढे जात. चाचा सुया बसवत होते. क्लस्टरच्या पोकळीत आतून ग्रीसचा लेप, त्यात एक सुई, तिला लागून दुसरी, तिला लागून तिसरी, सगळ्या उभ्या, सगळ्या एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून. शेवटची सुई बसली की कुणीच पडत नाही, एक जरी कमी असली तर सगळ्याच पडतात. त्यांची बोटं जाड, नखांत तेलाच्या कायमच्या रेघा, आणि तरी सुई उचलताना ती बोटं माझ्या आजीच्या बोटांइतकी हलकी होत. मधूनच एखादी निसटे. ते चिडत नसत. ग्रीसला काळ, वेळ, वय काही नसतं, हे त्यांच्याकडे बघून वाटायचं. ते फक्त धरून ठेवतं, आणि डबा बंद झाल्यावर पहिल्याच गरम तेलात विरघळून जातं.

पॅकिंग मात्र त्यांनी बाजारातलं वापरलं नाही. कागजीपुऱ्याहून आणलेला हातकागदाचा एक जाड ताव त्यांच्याकडे होता. तुघलकाने १३२७ साली दिल्ली उचलून इथे आणली, तिच्याबरोबर कागद करणारे आले आणि घाटमाथ्यावर वसले, अशी त्या गावाची कथा. चाचांनी तो ताव डब्याच्या तोंडावर पसरला आणि गोल तोंडाच्या लहान हातोडीने कडेकडेने टिपत गेले. टिक्, टिक्, टिक्. लोखंडाची कड कागदाला खालून कापत जाते. बाहेरचं गळून पडतं, भोकं पडतात, आणि डब्याच्या ओठांचा नेमका आकार हातात येतो. वेरुळला कैलास पाहताना नेहमी वाटतं, इथे काही बांधलेलं नाही, नुसतं काढून टाकलेलं आहे. ही टिकटिक ऐकताना त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला बसून मला त्या छिन्न्यांची आठवण झाली, आणि त्या घमेल्यातल्या पितळाचीही. कुणी ठरवून कोरतं. कुणी वापरून.

तेल साधं नव्वद नंबरचं. डिफरन्शिअलमध्ये घालतात ते जहाल, गंधक मिसळलेलं नाही. ते पोलादाला मानवतं, पण पितळाला आतून खातं. आमच्या जीपमध्ये कुणीतरी, कधीतरी, तेच ओतलं होतं. चाचांनी डबा पुन्हा गाडीत चढवला, दांडा बसवला, आणि मूठ जुनीच लावली. त्याबद्दल पुन्हा बोलणं झालं नाही.

पहिली फेरी म्हैसमाळला. पाऊस होता, धुकं रस्त्यावर उतरलेलं. गिरिजादेवीच्या देवळाच्या पलीकडे पठाराच्या कडेला एक मातीची वाट जाते, तिथे मी दोन्ही लहान दांडे ओढले. एक चारी चाकांचा, दुसरा 'लो'चा. पहिल्या गिअरात इंजिनचे २.८ फेरे म्हणजे शाफ्टचा एक. 'लो'मध्ये त्याचे पुन्हा २.४६ पट, आणि चाकांच्या अंगच्या डिफरन्शिअलमध्ये आणखी ५.३८ पट. गुणाकार केला की चाकाचा एक फेरा व्हायला इंजिन सुमारे ३७ वेळा फिरतं. म्हणजे जीप माणसाच्या चालीहून हळू चालते. चिखल, दगड, पाण्याचा लोट, गवताची गादी, एकेक चाक एकेक गोष्ट हाताळून बघतं आणि मग तिच्यावर वजन टाकतं. काचेवर वायपर आपला करकरत होता. पहिला गिअर तोच, तसाच रडत होता. सरळ दात नवे असले तरी सरळच. मी तो आवाज ऐकत वर गेलो आणि धुक्यात कुठेतरी, कुणीतरी चहाचं आधण ठेवलं असेल असं क्षणभर वाटलं.

दुसरा सुटला नाही. उतारावर पाय काढला, इंजिन घुमलं, दांडा जागच्या जागी. मी हात लांब घेतला. तरी नाही.

मग आईला घेऊन शहरात जायचं ठरलं, तिच्या डोळ्यांचं दाखवायला. ती जीपमध्ये चढली ती बाजूची लोखंडी कांबी धरून, एक पाय, मग दम, मग दुसरा पाय. सीटवर बसल्यावर तिने काचेवरची धूळ पदराने पुसली, जी नव्हतीच. किती पैसे गेले, तिने विचारलं. मी निम्मे सांगितले. "तेवढ्यात त्यांनी बैलजोडी घेतली आसती," ती म्हणाली, आणि मग कागजीपुऱ्यापर्यंत पेरूचा भाव, भावाच्या पोरीची शाळा आणि बाजूच्या शेतातल्या बोअरची तक्रार.

घाट सुरू झाला. मी दुसरा टाकला.

तिचा उजवा हात पदराखालून आला आणि दांड्यावर, त्या निमुळत्या झिजेत, जाऊन बसला. ती समोर बघत होती. बोलणं थांबलेलं. दांडा नव्या दातांनी घट्ट होता, हलत नव्हता, थरथरसुद्धा फार नव्हती. बांगड्या गप्प होत्या. सांगावं की आता गरज नाही, असं माझ्या ओठांवर आलं. नाही सांगितलं. उतार तसाच होता, किल्ल्याचा सुळका तसाच वर येत होता, आणि मला दोन्ही हात चाकावर ठेवायला मिळाले होते, एवढं मला पुरे होतं.

तटाच्या दरवाजापाशी मात्र नेहमीचा गोंधळ. खालून एक भरलेला ट्रक दरवाजात शिरला होता, त्याच्या मागे बस, बसच्या मागे पर्यटकांच्या गाड्यांची रांग. ट्रकला मागे जाता येईना. कंडक्टर खाली उतरून हातवारे करत माझ्याकडे ओरडत होता, ओ जीपवाले, घ्या की मागं, माझ्या मागून एक रिक्षावाला हॉर्न दाबूनच बसला होता, आणि आईचा हात अजून दांड्यावर घट्ट.

"आई, सोड आता," मी म्हणालो. "रिव्हर्स टाकायचाय."